टोपल्याखालचा पुरावा

आवेदनात त्या वस्तूला नेमकं काय म्हणावं, यातच भैय्याजी खवश्यांची सकाळ गेली. ‘गंदगी’ लिहावं, तर साहेब म्हणणार गंदगी कुठं नाही? ‘मल’ लिहावं, तर दवाखान्याचा कागद वाटतो. गावात जो शब्द चालतो तो सरकारी कागदावर चालत नाही. पांढुर्ण्याचं सरकार मध्यप्रदेशचं, म्हणून शेवटी त्यांनी शुद्ध हिंदीत ‘श्वान-विष्ठा’ लिहिलं, खाली रेघ मारली आणि चष्मा वर करून फाटकाकडे पाहिलं. श्वान-विष्ठा जागच्या जागी होती. एवढा शुद्ध शब्द वापरूनही तिचा वास तसूभर कमी झाला नव्हता.

ती कॅप्टनची होती. कॅप्टन म्हणजे शेजारच्या भूपेंद्र डिगरस्याचा जर्मन शेफर्ड. भूपेंद्रचा संत्र्याचा व्यापार. माल नागपूरला जातो, पैसा पांढुर्ण्याला येतो आणि त्यातला बराचसा कॅप्टनवर जातो. कुत्र्याला साबण वेगळा, टॉवेल वेगळा, थंडीत स्वेटर. फक्त संडास तेवढा भैय्याजींच्या फाटकात! चार महिन्यांपासून रोज पहाटे भूपेंद्र दार उघडून त्याला मोकळा सोडायचा आणि स्वतः पुन्हा झोपायचा. कुत्रं कुत्र्यासारखं वागत होतं, त्याच्याबद्दल भैय्याजींची तक्रार नव्हती. माणसानं माणसासारखं वागून आपल्या जनावराची घाण उचलावी, एवढंच त्यांचं म्हणणं. यात काय चुकलं, तुम्हीच सांगा!

पोळ्याच्या आधी त्यांनी भूपेंद्रला गोडीत सांगून पाहिलं होतं. भूपेंद्र गाडी पुसत होता.

“काकाजी, माहा कॅप्टन ट्रेनिंग झालेला आहे,” तो म्हणाला. “तो दुसऱ्याच्या दारात बसतच नाही. हे कोण्या आवारा कुत्र्याचं काम दिसते.”

“चार महिने एकच आवारा कुत्रा, एकाच जागी, एकाच टाइमाले?”

“मंग त्यालेही शिस्त आहे म्हना ना!”

घरातून त्याची बायको पूनम बाहेर आली. तिनं तर कॅप्टनच्या चारित्र्याची हमीच दिली. “नाही जी काकाजी, त्यानं आज सकाळी घरामागं केली. म्या सोता पाहिलं.” कॅप्टन मधोमध बसून भैय्याजींकडे असा पाहत होता, जसं काही त्याच्यावरच अन्याय झाला.

चौतीस वर्षं तहसिलीत बाबू असलेल्या माणसाला हे असं बोलणं ऐकून घ्यावं लागलं. ज्यांच्यापुढं भले भले पटेल टोपी काढून उभे राहिले, ते भैय्याजी एका कुत्र्याच्या साक्षीनं खोटे ठरले. त्या दिवशी त्यांनी जेवताना वरणात मीठ नाही म्हणून दोनदा सांगितलं. मीठ होतं.

समोरच्या घरातले शालिकराम गुरुजी, निवृत्त मास्तर, यांना सगळ्या विषयातलं कळतं. त्यांनी सल्ला दिला की, निळीच्या पाण्याच्या बाटल्या भरून फाटकाशी ठेवा, निळा रंग पाहून कुत्रं फिरकत नाही. भैय्याजींनी सहा बाटल्या ओळीनं मांडल्या. दुसऱ्या सकाळी काम जागच्या जागी झालेलं होतं आणि वर तिसऱ्या बाटलीवर कॅप्टननं तंगडी वर केलेली होती.

“नीळ कमी पडली तुमची,” गुरुजी म्हणाले.

मग कोणी म्हणालं तिखट टाका. भैय्याजींनी पावशेर तिखट फाटकात पसरलं. अंगणात नेमका त्याच वेळी वारा सुटला आणि तिखट जसंच्या तसं घरात आलं. मनकर्णाबाई, म्हणजे भैय्याजींचं कुटुंब, अर्धा तास शिंकत होत्या. शिंका थांबल्यावर त्या जे बोलल्या ते इथं लिहीत नाही.

तेव्हा भैय्याजींनी कायद्याचा रस्ता धरला. पालिकेच्या खिडकीवर तोंडी सांगून पाहिलं. पण खिडकीतल्या बाबूनं “गोटमार होऊ द्या” म्हटलं, आणि ते त्यांना पटलंही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना गोटे मारणार, सगळं सरकार तिकडं बंदोबस्तात. अशा वेळी कुत्र्याचं प्रकरण कोण ऐकतो? भैय्याजी थांबले. गोटमार झाली, गणपती बसले, आणि मग हे रेघ मारलेलं आवेदन घेऊन ते पुन्हा खिडकीवर हजर झाले. आवक क्रमांक घेतला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला.

“सुमेध साहेब परवा मौक्यावर येतील,” बाबू म्हणाला. सुमेध म्हणजे सफाई निरीक्षक, मौका म्हणजे घटनेची जागा. “पंचनामा करतील.”

“तोवर?”

बाबू पुढच्या माणसाकडे वळत सहज म्हणाला, “तोवर मौका जसा आहे तसा राहू द्या.”

दुसरा कोणी असता तर हे वाक्य खिडकीपाशीच विसरला असता. भैय्याजी कसे विसरतील? मौका बिघडला की प्रकरण गेलं, हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. शेताच्या हद्दीचा, धुऱ्याचा दगड हलला की जमीन हलते! ते तडक घरी आले, तेव्हा मनकर्णाबाई बादली आणि खराटा घेऊन फाटकात उभ्या होत्या.

“खबरदार!” भैय्याजी गल्लीच्या तोंडापासून ओरडले. “हात लावू नको!”

“काहून?”

“पुरावा हाय तो!”

मनकर्णाबाईंनी एकदा पुराव्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. “अहो, परवा महालक्ष्म्या येऊन राहिल्या. दारात पावलं कायच्यावर काढू, याच्यावर?”

“परवा दुपारपर्यंत पंचनामा होते. मंग धू अन् काढ पावलं.”

“चार वाजताचा मुहूर्त हाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. मनकर्णाबाई शांत झाल्या की घरातली मांजरसुद्धा बाहेर जाते. “चारपर्यंत फाटक साफ झालं नाही, त मी मुखवटे डब्यातून काढत नाही. सासूबाईनं माह्या हाती दिले तेव्हापासून एकतीस वर्षात खाडा नाही. खाडा झाला त तुमच्या नावावर.”

हे ऐकून भैय्याजींनी बादलीकडे पाहिलं. पण कागदावर शिक्का पडला होता.

त्यांनी संत्र्याचं एक जुनं टोपलं आणलं आणि पुराव्यावर उपडं घातलं. गाय येऊन टोपलं ढकलू लागली, म्हणून चारी बाजूंनी विटा लावल्या. दुपारी आभाळ भरून आलं, म्हणून वर छत्री बांधली. आणि छत्री उडू नये म्हणून बाजूला खुर्ची टाकून स्वतः बसले. कचरागाडी आली. गाडीवरचा माणूस चांगला, फावडं घेऊनच उतरला.

“काका, उचलून घेऊ का?”

“दूर व्हा! सरकारी मामला हाय!”

त्या माणसाच्या नोकरीत घाण उचलू नका म्हणून भांडणारा हा पहिलाच नागरिक असावा. तो गाडीत बसून गेला, पण वळून वळून पाहत गेला.

संध्याकाळी तर कहरच झाला. गणपतीचे दिवस, त्यात टोपलं, विटा, वर छत्री आणि शेजारी एक गंभीर म्हातारा. लोधीखेड्याहून बाजाराला आलेली एक बाई थांबली, चपला काढल्या, टोपल्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि हात जोडले. भैय्याजी तोंड उघडून बसले. हो म्हणावं तर पाप, नाही म्हणावं तर सगळं सांगावं लागतं! त्या बाईनं वर विचारलं, “कोणाचं ठाणं हाय जी?” समोरच्या ओट्यावरून शालिकराम गुरुजींनी उत्तर दिलं, “कॅप्टनचं.” बाईनं पुन्हा एकदा हात जोडले.

रात्री जेवायच्या आधीच सौसरहून मुलीचा, तृप्तीचा फोन आला.

“बाबा, तुम्ही कायच्या बाजूले खुर्ची टाकून बसले म्हनते? इथं आमच्या गल्लीत सगळ्याच्या मोबाइलवर तुमचा फोटो हाय. यांच्या ऑफिसातही पाहिला.”

“कोण टाकला?”

“ते जाऊ द्या. छत्री कोणाची होती? माह्या लग्नातली होती का ते?”

भैय्याजींनी फोन ठेवला. बदनामी सौसरपर्यंत गेली म्हणजे बोरगावही वाटेत लागलं असणार. घाण करणारा मजेत, करवणारा मजेत, आणि जो स्वच्छतेसाठी लढतो त्याचा फोटो फिरतो! त्यांचा असा संताप झाला की रात्रभर कूस बदलत राहिले. शेजारी कॅप्टन मात्र कूलरपुढं झोपला होता, ते खिडकीतून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक आक्रीत घडलं. कॅप्टन फाटकात बसला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भूपेंद्रनं त्याला दोन दिवस बांधून ठेवलं होतं. म्हणजे जुना पुरावा गेला की नवा मिळण्याची आशा नाही. टोपल्याखाली जे होतं, तेवढंच न्यायाच्या हातात उरलं होतं. भैय्याजी दर तासाला टोपलं किंचित वर करून आत पाहू लागले.

महालक्ष्म्यांचा दिवस उजाडला. घरात सोळा भाज्या निवडून ठेवलेल्या, शेवंतीचा वास, मखर उभं राहिलेलं. मनकर्णाबाई उपाशी, सोवळ्यात. मुखवट्यांचा पितळी डबा ओट्यावर ठेवला होता आणि त्याचं झाकण बंद होतं. दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीला दरवर्षी सवाष्ण म्हणून पूनम यायची. यंदा तिला बोलावणं जाईल की नाही, हे विचारायची भैय्याजींची हिंमत नव्हती. बारा वाजले, दोन वाजले, तीन वाजले. भैय्याजी फाटकातून गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत अशा येरझाऱ्या घालत होते.

साडेतीनला मोटरसायकल आली. सुमेध तरुण होता, नम्र होता, आणि बिचाऱ्याचा काहीही दोष नव्हता. त्यानं हेल्मेट काढलं, टोपलं पाहिलं, छत्री पाहिली, वाळलेलं जास्वंद पाहिलं.

“बाबूजी, हे तीन दिवस असंच ठेवलं तुम्ही?”

“मौका जसाचा तसा हाय,” भैय्याजी छाती काढून म्हणाले.

“म्या काल सकाळीच निरोप ठेवला होता कचरागाडीजवळ, की फोटो काढा अन् उचलून घ्या म्हणून. फोटोवर काम होते आजकाल.”

भैय्याजींनी हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. कारण काल सकाळी कचरागाडी फाटकाशी थांबली तेव्हा त्यांनी काठी उगारली होती. गाडीवाला काहीतरी सांगत होता खरा.

“पंच बोलावतो,” ते म्हणाले.

पंच कोण होणार? गल्ली सगळी जमलेली, पण भूपेंद्रविरुद्ध सही करायचं म्हटल्यावर एकाला दुकान आठवलं, एकाला गणपतीची आरती. भूपेंद्र दर हंगामात घरोघरी संत्र्याची एक एक पेटी पोचवतो, त्या पेटीचा गुण! शालिकराम गुरुजी तेवढे पुढं आले. “मी करतो सही. पण कुत्रा हाच, हे तुम्ही डोळ्यानं पाहिलं का भैय्याजी?”

पहाटे त्या वेळी भैय्याजी पूजेला बसलेले असायचे.

“मंग शिनाख्त करू,” भैय्याजी म्हणाले. ओळख पटवण्याचा हा सरकारी शब्द उच्चारताना त्यांचा आवाज तहसिलीतला झाला. “आणा कुत्रा!”

भूपेंद्र कॅप्टनला साखळीनं घेऊन आला. सोबत पूनम. “वास घेऊ द्या त्याले,” भूपेंद्र म्हणाला. “त्याचं असन त समजन. नाही त काकाजीनं सगळ्यासमोर माफी मांगावी.”

कॅप्टननं टोपल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं कान टवकारले, साखळीला एक हिसका दिला, भूपेंद्रला फरफटत फाटकातून आत नेलं आणि मनकर्णाबाईंच्या पुढ्यात जाऊन बसला. पुढचा उजवा पाय वर केला. शेपटी जमिनीवर आपटू लागला. दोन दिवसांच्या विरहानं तो रडल्यासारखा आवाज काढत होता.

मनकर्णाबाई सोवळ्यात दोन पावलं मागं सरल्या. “आता नाही रे बाबू,” त्या हळूच म्हणाल्या. “आज पोळी नाही.”

मग भैय्याजींनी विचारलं, “आज नाही म्हणजे? मंग कधी असते?”

“रोज असते,” मनकर्णाबाई म्हणाल्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. “माह्या सासरी पहिली पोळी गाईले अन् शेवटची कुत्र्याले, हे तुमच्याच आईनं शिकवलं. आवारा कुत्रे म्युनिसिपालटीनं नेले. मंग हा येते पहाटे. फाटकात देतो मी, तूप लावून. तुम्ही पूजेत राहता.”

सुमेधनं पेन कानामागं अडकवलं. “म्हणजे बाबूजी, नाष्टा इथं होते. अन् नाष्ट्यानंतर...”

पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. गल्ली अशी हसली की कोपऱ्यावरच्या मंडपातला लाउडस्पीकरही ऐकू येईना.

भूपेंद्रचा आवाज एकदम मोठा झाला. “पाहा साहेब! माह्या ट्रेनिंग झालेल्या कुत्र्याले तुपाची पोळी खाऊ घालून बिघडवून राहिले, अन् आवेदन माह्यावरच! ज्यानं खाऊ घातलं त्यानं उचलावं.”

“कुत्रा तुहा हाय!” भैय्याजी ओरडले. “लायसन तुह्या नावावर, स्वेटर तुह्या पैशाचं, अन् उचलू मी?”

“पोळी तुमची!”

“चार महिने खोटं बोलला तू! घरामागं केली म्हणे! बायकोले साक्षीले उभं केलं!”

पूनमची मान खाली गेली. सुमेधनं कागद पुढं केला. “जिम्मेदार व्यक्ती, एकच रकाना आहे यात. दोन नावं बसत नाहीत. काय लिहू?”

“डिगरसे!” “खवसे!” दोघं एकदम ओरडले.

घड्याळात चारला दहा कमी होते. मनकर्णाबाईंनी तांदळाच्या पिठाची वाटी ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं. सोवळं नेसलेली, सकाळपासून पाणीसुद्धा न प्यालेली बाई, पुरुष भांडत राहिले म्हणून आता हे उचलणार. नंतर पुन्हा अंघोळ करणार, तोवर मुहूर्त गेलेला असणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पदरानं पुसलं नाही, कारण हातात फावडं होतं.

भैय्याजींनी ते पाहिलं.

“ठेव ते!” ते गरजले. “इकडं आण!”

त्यांनी फावडं हिसकावलं. टोपलं लाथेनं उडवलं. छत्री आपोआप मिटली. तीन दिवस ज्याचं रक्षण केलं ते त्यांनी स्वतःच्या हातानं उचललं आणि सगळ्या गल्लीसमोरून, मान ताठ ठेवून, उकिरड्यापर्यंत चालत नेलं. रागानं त्यांचे कान लाल झाले होते. “करून राहिलो मी!” प्रत्येक दारापुढं ते ओरडत होते. “चूक कोणाची अन् उचलून कोण राहिला, पाहून घ्या! काढा फोटो! सौसरले पाठवा!” मोबाइल काढलेला एक हात मात्र हळूच खिशात गेला.

परत आले तेव्हा फाटक धुतलेलं होतं. पूनम दोन बादल्या पाणी टाकून खराट्यानं घासत होती. मनकर्णाबाई तिला नुसतं म्हणाल्या, “उद्या जेवाले लवकर येजो.” पूनमनं मान हलवली.

मग ओल्या जमिनीवर पिठाची आणि कुंकवाची पावलं उमटू लागली, फाटकापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मखरापर्यंत. डब्याचं झाकण उघडलं. मुखवटे बाहेर आले. भैय्याजींनी हात धुऊन ताट वाजवायला घेतलं, आणि आवाज जरा जास्तच मोठा केला, कारण राग अजून उतरला नव्हता.

“महालक्ष्मी आल्या?” मनकर्णाबाईंनी उंबऱ्यात विचारलं.

“आल्या!” सगळे म्हणाले.

“कोणत्या पावलानं आल्या?”

“सोन्याच्या...” म्हणेपर्यंत भूपेंद्रच्या हातून साखळी सुटली. आत भाकरी भाजल्याचा वास होता. कॅप्टन फाटकातल्या ओल्या कुंकवातून धावत निघाला, ओट्यावरून, उंबऱ्यावरून, थेट मखरापर्यंत. लक्ष्मीच्या पावलांच्या बाजूबाजूनं त्याची लाल पावलं उमटत गेली, चांगली ठसठशीत.

भूपेंद्र धावला, ओट्यावरचं फडकं ओढलं, फरशीवर गुडघे टेकले आणि पुसायला वाकला. चार महिन्यांत पहिल्यांदा तो आपल्या कुत्र्यामागून साफ करायला खाली बसला होता!

“हात लावशीन त पाहाय!” मनकर्णाबाई कडाडल्या. “महालक्ष्मीच्या दिवशी घरात आलेलं पाऊल पुसत नसते. दे ते फडकं इकडं!”

भूपेंद्र फडकं हातात धरून तसाच राहिला. भैय्याजींनी ताट खाली आपटलं.

“सुमेध! कागद काढा! हा मानूस आज साफ करून राहिला अन् त्याले करू देऊन नाही राहिले. आपल्या डोळ्यासमोर! लिहा!”

सुमेध दारातच उभा होता. त्यानं कागद पुन्हा उघडला, पेन हातात घेतलं आणि मोठ्या आदबीनं विचारलं, “लिहितो बाबूजी. पण जिम्मेदार कोण लिहू?”

भैय्याजींनी आत पाहिलं. मखरापुढं कॅप्टन पुढचे पाय पसरून ऐसपैस बसला होता, आणि मनकर्णाबाई नैवेद्याच्या भाकरीचा काठ मोडून त्याच्यासाठी बाजूला ठेवत होत्या.

“तिलेच इचारा,” ते म्हणाले. “मी या घरात नुसता अर्जदार हाओ.”